आळ रॅमवर

लग्नपत्रिकेवर मुहूर्त होता ११ वाजून ३१ मिनिटांचा. छापून आला ११ वाजून ३५. चार मिनिटांनी कुणाचं लग्न मोडत नाही, मंगलाष्टकं तशीही वेळेवर संपत नाहीत. पण गुरुजींच्या नजरेतून ते सुटलं नाही आणि साडेतीनशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटा छापखाना चालवतात. प्रूफ त्यांनी स्वतः वाचलं होतं. त्यावर गिऱ्हाइकाची सही होती आणि आकडा ३१च होता. "अख्ख्या धंद्यात असं कधी झालं नाही," हे त्यांनी मला फोनवर तीनदा ऐकवलं. मी गप्प बसलो. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या संगणकाचा प्रोसेसर मीच बदलून दिला होता.

नवा संगणकच का घेतला नाही, असं तुम्ही विचाराल. डीटीपीचं काम करणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. अण्णांचं सगळं काम पेजमेकरमध्ये, अक्षरं श्रीलिपीची, त्या श्रीलिपीचा हार्डवेअर लॉक संगणकाच्या मागे खोचलेला, आणि गेल्या दहा-बारा वर्षांच्या पावत्या, पत्रिका, स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये साठवलेल्या. यंत्र बदललं की हा सगळा संसार हलवावा लागतो. शिवाय यंत्र काही वाईट नव्हतं. २०१२ सालची खरेदी, एच६१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड, त्यावर इंटेलचा कोअर आय३-२१००, ४ जीबीच्या दोन रॅम आणि ६४ बिटांचं विंडोज ७. नुसतं मंद झालं होतं. त्याच सॉकेटात बसणारा आय७-३७७० जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. दोन कोअरच्या जागी चार, ३ एमबी कॅशच्या जागी ८. मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, मी तो घेऊन आलो.

पहिले काही दिवस अण्णा खूश होते. मग पेजमेकर मध्येच बंद पडू लागला. गिऱ्हाइकाने पाठवलेली झिप फाइल एकदा उघडताना खराब निघायची, दुसऱ्यांदा तीच नीट उघडायची. आठवड्याभरात निळा पडदा आला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मेमरी मॅनेजमेंट'. गावातल्या दुरुस्तीवाल्याने पडदा बघितला आणि निदान केलं, "रॅम गेली."

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच, की 'मेमरी' हा शब्द पडद्यावर आला म्हणून रॅम गुन्हेगार ठरत नाही. प्रोसेसर, सॉकेट, बोर्ड, वीज, बायोस यांपैकी कुणीही घोळ घातला तरी तो उघडकीला येतो स्मृतीत, कारण संगणकातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी तिथे लिहिली आणि तिथून वाचली जाते. चोरी घरात कुणीही केली तरी ती कळते तिजोरी उघडल्यावर, आणि मग पहिला संशय तिजोरीच्या किल्लीवर जातो, तसं हे आहे.

त्यातही काही संदेश तर चक्क दिशाभूल करणारे. 'अमुक पत्त्यावरची मेमरी वाचता आली नाही' अशी चौकट उघडते, ती बहुतेक वेळा त्या एका प्रोग्रॅमच्या लेखकाची चूक असते. त्याने नसलेल्या पत्त्यावर हात घातलेला असतो. 'मेमरी पुरेशी नाही' ही तक्रार जागेची आहे, बिघाडाची नाही. संशय घ्यावा तो चूक एका प्रोग्रॅमपुरती राहत नाही तेव्हा. आज पेजमेकर, उद्या ब्राउझर, परवा झिप आणि मग खुद्द विंडोज, असं झालं तर गडबड सगळ्यांच्या पायाखाली आहे. अण्णांच्या बाबतीत तेच होत होतं.

आता रॅमच्या आत काय चालतं ते थोडं बघू. १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच मूळ कल्पना आजही आपल्या रॅममध्ये आहे. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. अडचण अशी की हा कपॅसिटर गळका असतो. म्हणून प्रत्येक कप्पा ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. हे काम ओळीओळीने, साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एकदा, अखंड चालतं. अण्णांच्या ८ जीबीत असे ६,८७१ कोटींहून जास्त कप्पे आहेत. त्यातला एखादा लवकर गळणारा निघाला तर नवल नाही. नवल वाटावं ते बाकीचे इतके वक्तशीर राहतात याचं.

पण कप्प्यात साठवणं हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा वाहतुकीचा. रॅमपासून प्रोसेसरपर्यंत प्रत्येक स्लॉटसाठी ६४ माहितीवाहक तारा बोर्डाच्या तांब्यातून जातात आणि प्रत्येक तारेवरून एका वेळी एक बिट. डीडीआर३-१३३३ जातीची रॅम पूर्ण वेगाने चालत असेल तर प्रत्येक बिटाच्या वाट्याला पाऊण नॅनोसेकंद येतो, १६०० वेगाला फक्त ०.६२५. तेवढ्या वेळात बोर्डाच्या तांब्यातला संदेश नऊ-दहा सेंटिमीटर जातो, म्हणजे वितीच्या निम्म्याहून कमी. वाटेत कुठे स्पर्श कच्चा असला, वीज थोडी थरथरली, तर प्रोसेसर शून्याला एक समजतो. रॅमच्या कप्प्यात बिट बरोबरच असतो, ऐकणाऱ्याला चुकीचा ऐकू येतो.

तो ऐकणारा, म्हणजे मेमरी कंट्रोलर, कुठे बसतो यावर आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर अवलंबून आहे. पूर्वी तो मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीने २००३ साली अॅथलॉन ६४ काढला तेव्हा तो प्रोसेसरच्या पोटात घेतला. इंटेलने २००८ च्या शेवटी पहिल्या कोअर आय७ पासून तेच केलं. त्यामुळे त्यानंतरच्या यंत्रात तुम्ही 'फक्त प्रोसेसर' बदलता तेव्हा मेमरी कंट्रोलरही बदललेला असतो. रॅमला वागवणारा माणूसच नवा येतो.

त्याआधीच्या, म्हणजे कोअर टू ड्युओ आणि क्वाडच्या काळातल्या यंत्रात कंट्रोलर बोर्डावरच राहतो, पण तिथे दुसरा सापळा आहे. रॅमचा वेग त्या यंत्रात प्रोसेसरच्या बसच्या मूळ ठोक्याशी बांधलेला असतो. पेन्टियम ई५२०० चा मूळ ठोका २०० मेगाहर्ट्झ. कुणीतरी बायोसमध्ये रॅमचं प्रमाण हाताने १:२ करून ठेवलं असेल तर रॅम ४०० वर, म्हणजे डीडीआर२-८०० म्हणून छान चालते. त्या जागी क्यू६६०० बसवा. त्याचा ठोका २६६. प्रमाण तेच राहिलं तर बिचाऱ्या ८०० च्या रॅमला १०६६ ने पळावं लागतं. ठोका ३३३ असलेला क्यू९५५० बसवला तर १३३३, आणि तेव्हा बहुधा डिस्प्लेच येत नाही, नुसते बीप वाजतात. बरेच बोर्ड प्रोसेसर बदललेला ओळखून सगळं मूळपदावर आणतात. सगळे आणत नाहीत. म्हणून प्रोसेसर बदलल्यावर पहिलं काम म्हणजे वीज काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवायचा आणि मग बायोसमध्ये जाऊन 'डिफॉल्ट' घ्यायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि लोक ते शेवटी करतात.

अण्णांच्या यंत्रातला फरक याहून सौम्य होता. आय३-२१०० हा सँडी ब्रिज पिढीतला, त्याच्या कंट्रोलरची रॅमच्या वेगाची मर्यादा १३३३. आय७-३७७० हा २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीतला, त्याची १६००. रॅमच्या दोन्ही पट्ट्या १६०० च्याच होत्या, पण जुन्या प्रोसेसरमुळे इतकी वर्षं १३३३ ने चालत होत्या. गाण्याच्या बैठकीत गायक बदलला की तंबोरा पुन्हा लावावा लागतो. काळी एकला वर्षानुवर्षं लावलेल्या तारा काळी चारपर्यंत ओढल्या की एखादी कुरकुरते, तुटतेही. नव्या प्रोसेसरने आमच्या पट्ट्यांची पट्टी चढवली होती, आणि त्या वेगाने त्या कधी चाललेल्याच नव्हत्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच मी फसलो.

पहिल्या फेरीत मी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ प्लस घेऊन गेलो. या तपासणीचं मूळ ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली लिहिलं, पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या आणि ही त्यातली खुली, फुकट मिळणारी. ती विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून थेट सुरू होते, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तिच्या हाती येते. एक नमुना लिहायचा, वाचून पडताळायचा, त्याच्या जागी नेमका उलटा नमुना लिहायचा, मग उलट्या दिशेने परत यायचं, असे तिचे खेळ असतात. विंडोजमध्येही स्वतःची मेमरी तपासणी आहे, पण ती मी घाईच्या वेळी वापरतो. निकालासाठी नाही.

तासाभरात पडद्यावर लाल ओळी उमटल्या. मला आनंदच झाला. निदान तयारच होतं: १६०० झेपत नाही. बायोसमध्ये जाऊन वेग १३३३ केला, पुन्हा तपासणी लावली. एक पूर्ण फेरी झाली, एकही चूक नाही. वहिनींच्या हातचं जेवलो आणि शेवटची एसटी पकडली. चौथ्या दिवशी पत्रिका छापल्या गेल्या.

एका फेरीवर समाधान मानलं ही माझी पहिली चूक. वेग कमी केल्याने बिघाड गेला नव्हता, तो विरळ झाला होता. विरळ बिघाड जास्त वाईट. निळा पडदा निदान काम थांबवतो. विरळ बिघाड गुपचूप एक आकडा बदलतो आणि यंत्र चालू राहतं. दुसरी चूक मोठी होती. लाल ओळी मी मोजल्या, वाचल्या नाहीत.

दुसऱ्यांदा गेलो ते रात्र काढायच्या तयारीने. अण्णांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो शेजारी बसला. त्याने वाचलं होतं की अवकाशातून येणाऱ्या किरणांनी बिट उलटतात. "काका, कॉस्मिक रे असेल का?" असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. हे खोटं नाही. १९७८ साली इंटेलमधल्या मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवलं होतं की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून सुटणारे अल्फा कणसुद्धा कप्प्यातला भार उडवू शकतात. मग कारखान्यांनी साहित्य शुद्ध केलं. पण गुगलच्या हजारो सर्व्हरांतल्या रॅमचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका दिसल्या आणि त्या बहुतांशी अशा अवचित नव्हत्या. ज्या पट्टीत एकदा चूक झाली तिच्यातच पुन्हा पुन्हा होत होती. वारंवार, एकाच यंत्रात, काहीतरी बदलल्यानंतर सुरू झालेल्या चुकीला आकाशाकडे बोट दाखवणं हा आळशीपणा आहे. मी त्याला हे जरा कमी शब्दांत सांगितलं.

तपासणी चूक दाखवते तेव्हा तीन गोष्टी सांगते: पत्ता कोणता, लिहिलं काय होतं आणि वाचलं काय. या तिन्हींचा मेळ घातला की गुन्हेगाराची चाल कळते. पुन्हा पुन्हा एकाच पत्त्यावर, एकाच कप्प्यात चूक येत असेल तर तो कप्पाच मेला आहे. पट्टी बदला, विषय संपला. पत्तेही विखुरलेले आणि बिटही कधी हा कधी तो, आणि यंत्र तापल्यावर किंवा वेग वाढवल्यावर त्यांचं प्रमाण वाढत असेल, तर वेग, वेळा किंवा वीज यांच्याकडे बघा. तिसरी चाल वेगळी. पत्ते हजारो, सगळीकडे पसरलेले, पण बिट मात्र दरवेळी तोच. लाखो कप्प्यांतला नेमका त्याच क्रमांकाचा बिट एकदम खराब कसा होईल? त्या सगळ्या बिटांमध्ये समान काय असतं, तर बाहेर येण्याची तार.

त्या रात्री १६०० वर पहिल्या दोन तासांत सदतीस चुका आल्या. मुलाने त्या वहीत उतरवल्या. सदतीसही चुकांत ३२ बिटांपैकी उजवीकडून अकरावा बिट उलटला होता, आणि दरवेळी एकाच बाजूने: हवा होता शून्य, मिळाला एक.

इथे पत्रिकेचा हिशेब जुळला. ३२ बिट म्हणजे चार बाइट आणि अकरावा बिट येतो दुसऱ्या बाइटात, तिसऱ्या स्थानावर. त्या स्थानाची किंमत ४. संगणकात 'एक' या अंकाचा संकेत आहे ४९ आणि 'पाच'चा ५३. द्विमान पद्धतीत लिहिलं तर ०११०००१ आणि ०११०१०१, फरक त्याच एका बिटाचा. शून्याचे चार, एकाचे पाच, दोनाचे सहा, तिनाचे सात होऊ शकतात. चार ते सात या अंकांत तो बिट आधीच एक असल्याने त्यांना धक्का नाही. ३१ मधला एक नेमका त्या जागी सापडला आणि त्याचा पाच झाला. अण्णांना हे वहीवर काढून दाखवलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "म्हणजे सातचा मुहूर्त काढायला हवा होता."

तार कोणती ते कळलं, पण तारेच्या वाटेवर पट्टी, स्लॉट, बोर्ड, सॉकेट आणि प्रोसेसर इतकी ठाणी आहेत. त्यातलं कोणतं? इथे हुशारी चालत नाही, शिस्त चालते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल कागदावर लिहायचा, डोक्यात ठेवायचा नाही. पहाटे दोनला डोकं आपल्याला हवा तोच निकाल आठवतं. पहिली पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. दुसरी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. पहिली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: चूक, अकरावा बिट. दुसरी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: चूक, तोच अकरावा बिट. रॅम निर्दोष सुटली.

(एक पोटकथा इथेच सांगून टाकतो. गावातल्या दुरुस्तीवाल्याने मधल्या काळात दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून दिले होते. हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आणि बऱ्याचदा तो लागूही पडतो. माझं मत असं की गुण खोडरबराचा कमी आणि पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याचा जास्त असतो. खोडरबर त्या दातांवरचा सोन्याचा पातळ थर घासतो, आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड बरं.)

एच६१ बोर्डावर सहसा दोनच स्लॉट असतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र वाहिनी थेट प्रोसेसरपर्यंत जाते. म्हणजे आता संशयित तीन: दुसरा स्लॉट, सॉकेट किंवा आय७ च्या पोटातला कंट्रोलर. जुना प्रोसेसर कामाला येतो तो इथे. नवा घेतला की जुना लगेच विकून टाकायची आपल्याला घाई असते. महिनाभर थांबा. त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही, कारण त्याच्यासोबत ते यंत्र अनेक वर्षं बिनतक्रार चाललेलं असतं. आय३ परत बसवला, दुसऱ्या स्लॉटमध्ये पट्टी लावली. उत्तररात्री चूक आली. अकरावा बिट.

या निकालाने मी हादरलो. ज्या प्रोसेसरवर हे यंत्र दहा वर्षं नीट चाललं, त्याच प्रोसेसरवर आता ते चुकत होतं. म्हणजे दोष नव्या प्रोसेसरमध्ये नव्हता, वेगात तर नव्हताच. तो 'बदलण्यात' होता.

या जातीच्या सॉकेटात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. ११५५ बारीक, वाकड्या मानेच्या, स्प्रिंगसारख्या पिना, एकमेकींपासून मिलिमीटरभरही अंतर नाही. प्रोसेसरच्या पोटावर नुसते सपाट ठिपके असतात. तो वरून अलगद ठेवायचा आणि दांडीने दाबायचा, म्हणजे प्रत्येक ठिपका आपापल्या पिनेवर टेकतो. प्रोसेसर उचलताना किंवा ठेवताना एक कोपरा जरी घसरला तरी एखादी पिन लवते. पूर्ण वाकली तर एक स्लॉट साफ बंद पडतो, किंवा ८ जीबीच्या जागी ४ जीबीच दिसतात, आणि ते सोपं. अर्धवट लवली तर ती टेकते, पण नीट टेकत नाही. कूलर एका बाजूने जास्त आवळला तरी असंच होतं. बोर्ड किंचित बाक घेतो आणि कडेच्या पिनांचा स्पर्श सुटतो. म्हणून आधी कूलर काढून चारही खुंट्या समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा बसवून बघितल्या. फरक पडला नाही.

सकाळी छापखाना उघडल्यावर अण्णांनी ऑफसेटच्या टेबलावरचं भिंग आणून दिलं, तेच ज्यातून ते रंगांचे ठिपके जुळलेत का बघतात. खिडकीतून तिरपा उजेड पाडून सॉकेटवर ते धरलं. पिनांच्या रांगा कशा दिसतात, तर सुगीच्या शेतासारख्या, सगळी कणसं एका दिशेला कललेली. त्यात एक वेगळ्या दिशेला कलली होती. तिच्या शेजारी थर्मल पेस्टचा खसखशीएवढा करडा ठिपकाही होता. जुना प्रोसेसर काढताना मी त्याच्यावरची पेस्ट पुसली नव्हती आणि चिमटीत धरून तो तिरका उचलला होता. मला आठवत होतं. लाइट गेली होती आणि मी मोबाइलच्या उजेडात काम उरकत होतो.

शिवणाच्या बारीक सुईने, भिंगातून बघत, ती पिन शेजारणींच्या रांगेत आणली. दोनदा हात मागे घेतला. एका धक्क्यात सरळ करायला गेलं की ती तुटते आणि मग बोर्डच जातो. अल्कोहोलात भिजवलेल्या पातळ कुंचल्याने पेस्ट उचलली, सॉकेट पूर्ण वाळू दिलं. आय७ बसवला, दोन्ही पट्ट्या, वेग १६००. दिवसभर आणि रात्रभर तपासणी चालू ठेवली. सकाळपर्यंत चुका शून्य.

सगळ्यांच्या वाट्याला वाकडी पिन येईल असं नाही. इतर कारणं थोडक्यात सांगतो. जुन्या बोर्डाला नव्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला बायोस अद्ययावत लागतं, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, यूपीएसवर यंत्र चालवून करायचं. जास्त वीज खाणारा प्रोसेसर, उदाहरणार्थ ६५ वॅटच्या जागी ९५ किंवा १०५ वॅटचा, म्हाताऱ्या एसएमपीएसला आणि बोर्डावरच्या कपॅसिटरांना जड जातो. त्यांची डोकी फुगलेली दिसली तर पुढची तपासणी थांबवा. त्या निमित्ताने रॅमही वाढवली असेल तर पट्टीवरचा आकडा बघा. डीडीआर३ चा नेमका दाब १.५ व्होल्ट, १.६५ मागणाऱ्या हौशी पट्ट्या या पिढीच्या कंट्रोलरला मानवत नाहीत. जी४१ सारख्या जुन्या चिपसेटला ४ जीबीची पट्टी हवी असेल तर सोळा चिपांची घ्यावी लागते, आठ मोठ्या चिपांची चालत नाही. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी स्वस्त रॅम इंटेलच्या बोर्डात घालू नका.

आणि यंत्र बरं झालं म्हणजे काम संपलं असं नाही. त्या पंधरा दिवसांत जे जे उघडलं, बदललं आणि पुन्हा साठवलं, त्या प्रत्येक फाइलमध्ये एखादा बिट उलटून कायमचा डिस्कवर गेलेला असू शकतो. रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्जमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारे संकेत शोधले आणि १९५० साली प्रसिद्ध केले. त्याच कल्पनेवर सर्व्हरची रॅम ६४ बिटांमागे ८ जास्तीचे बिट बाळगते, एक बिट उलटला तर सरळ करते, दोन उलटले तर ओरडते. आपल्या घरगुती यंत्रांत हे संरक्षण सहसा नसतं, एच६१ वर तर नाहीच. तिथे प्रूफ वाचणारा माणूस हाच एकमेव उपाय. अण्णा आणि त्यांच्या मुलाने त्या पंधरवड्यातल्या एकशे बारा फाइली छापील प्रतींशी पडताळल्या. आणखी दोन ठिकाणी चूक सापडली. एका पावतीवर २०चे ६० झाले होते. ती पावती उसाच्या वाहतुकीची होती आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती.

पत्रिकेच्या कागदाचे पैसे मी दिले, अण्णांनी शाईचे घेतले नाहीत. त्यांचं यंत्र अजून चालू आहे, वेग १६००, दोन्ही पट्ट्या त्याच. काढलेला आय३-२१०० माझ्या टेबलाच्या खणात अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवला आहे. तुमच्याकडे एच६१ चा बोर्ड असेल आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर तो रॅमच्या नावाने ओरडत असेल, तर साक्षीला घेऊन जा. फक्त पेस्ट पुसून परत आणा.